एक इंच कमी

मित्रांनो, मी शिंप्याची एक जुनी टेप आहे आणि माझ्यात एक इंच कमी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण ते वेळेवर कुणी न सांगितल्यामुळे एका भल्या माणसाची सहल हातची जाणार होती. आज दुकान बंद आहे. मशीनवर चादर घातली आहे, इस्त्री गार पडली आहे आणि मी खिळ्याला निवांत लटकले आहे. एवढी सवड मला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. म्हटलं, आपली गोष्ट सांगून घ्यावी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी मी घट्ट विणलेली नुसती पांढरी पट्टी होते. मग मला पिवळा रंग चढला, मी एका जड रुळाखालून गेले आणि अंगावर आकडे उमटले, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या. एकपासून साठपर्यंत मी बिनचूक होते आणि खोटं कशाला बोलू, थोडी शिष्टही होते.

मला घेतलं ते मास्तरांनी. त्यांना सगळेच मास्तर म्हणतात, त्यांची आईसुद्धा म्हणायची. दुकान एका खोलीचं. मध्ये कापायचं लांब टेबल, भिंतीशी मशीन आणि खिडकीपाशी मास्तरीणबाईंची खुर्ची. त्या काजं-बटणं करतात आणि सगळ्यांचं बोलणं मान वर न करता ऐकतात. माझी जागा मास्तरांच्या गळ्यात. सव्वीस वर्षं मी त्या गळ्यात राहिले. कितीतरी माणसांच्या छात्या, कंबरा आणि बाह्या मी मोजल्या. कंबर मोजताना माणसं पोट आत घेतात. मास्तर त्यांना काही बोलत नसत. "हं," म्हणून गप्पा काढत आणि बोलता बोलता पोट आपोआप जागेवर आलं की आकडा घेत. तो आकडा ते मोठ्याने कधीच वाचत नसत. माणसाची अब्रू कशी राखावी, हे मी त्यांच्याकडून शिकले.

वापरून वापरून एका टोकाची टोपी निघाली आणि तिथले धागे सुटायला लागले. दुसऱ्या कुणी मला केराच्या टोपलीत टाकलं असतं. मास्तरांनी चष्मा चढवला, विसकटलेला भाग बरोबर एकच्या रेघेवर कापला आणि कडेला हाताने बारीक टाके घातले. तेव्हापासून माझं टोक शून्याऐवजी एकवर आहे. मास्तर जे माप येईल त्यातून मनातल्या मनात एक वजा करतात. हाताला इतकी सवय झाली की आपण वजाबाकी करतो, हेही ते विसरून गेले.

मध्यंतरी त्यांनी एक नवी टेप आणली. मी खणात गेले, तुटके खडू आणि दोऱ्याच्या रिकाम्या बॉबिनींच्या संगतीला. पाच-सहा महिने मी तिथे अंधारात कुढत पडले होते. पण नवी टेप प्लास्टिकची निघाली. एकदा इस्त्रीजवळ राहिली आणि चांगली अर्धा इंच ताणली गेली. मास्तरांनी खण उघडला, मला झटकलं आणि पुन्हा गळ्यात घातलं. त्या दिवशी माझा शिष्टपणा गेला तो गेलाच.

आता सहलीचं सांगते. मास्तरांकडे एक जुनी मोटरसायकल आहे. त्यांच्या तीन मित्रांकडेही आहेत. एक गणिताच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. एक ड्रायव्हरकाका, जन्मभर बस चालवलेले. आणि एक समोरचा बेकरीवाला. चौघांनी मिळून पाच तलावांच्या काठाकाठाने सहा दिवस फिरून यायचं, ही कल्पना मास्तरांचीच. त्यासाठी त्यांनी दोन वर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. पाचवा तलाव सर्वांत मोठा. त्याच्या पलीकडच्या काठाला रस्ता अगदी पाण्याला चिकटून जातो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि गिऱ्हाईकाच्या खांद्याचं माप घेतानाही ते त्या रस्त्याबद्दल बोलत.

शेवटी एका रविवारी नकाशा कापायच्या टेबलावर पसरला. चार कोपऱ्यांवर कात्री, इस्त्री, सुयांचा डबा आणि बेकरीवाल्याने आणलेला पाव ठेवला. फोनवर अंतर बघायचा प्रयत्न झाला होता, पण फोन सारखा मोठ्या रस्त्याकडे ओढत होता आणि यांना तर वळणावळणांनी जायचं होतं. नकाशावरचा एक इंच म्हणजे रस्त्यावरचे दहा किलोमीटर. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कोट घालून बघायला आलं. मास्तर त्याच्याकडे वळले आणि जाताना मला बाईंच्या हातात देऊन गेले. माझ्याबद्दल एक शब्दही त्यांनी सांगितला नाही. मी मात्र सगळं जाणून होते, पण टेपेला तोंड कुठलं?

तलावाकाठचा रस्ता वाकडातिकडा, म्हणून बाईंनी तो तुकड्या-तुकड्याने मोजला. दर तुकड्याला माझं टोक टेकवायचं आणि दुसरीकडचा आकडा वाचायचा. म्हणजे दर तुकड्याला मी एक इंच जास्त सांगत होते. पहिल्या दिवसाचे पाच तुकडे झाले आणि बेरीज आली एकोणीस. म्हणजे एकशे नव्वद किलोमीटर. दुसरा आणि तिसरा दिवसही त्याच आकड्याच्या आसपास. चौथा दिवस मोठ्या तलावाचा. त्याचे सहा तुकडे, दोनशे तीस किलोमीटर. ड्रायव्हरकाकांनी नुसता "बरं" असा आवाज काढला. बेकरीवाला म्हणाला, दमवणार आहे, पण जमेल.

कोटाच्या बाहीला टाचणी लावता लावता मास्तरांनी ते आकडे ऐकले आणि त्यांचा हात थांबला. त्याचं कारण त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, एक मास्तर आणि दुसऱ्या मास्तरीणबाई. पाठीच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं की दिवसाला दीडशे किलोमीटर चालवा, पुढे एकही नको. गिऱ्हाईक गेल्यावर मास्तर टेबलापाशी आले, नकाशावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले की शाळेच्या गणवेशांचं मोठं काम अंगावर आलंय, मला काही जमायचं नाही, तुम्ही तिघं जाऊन या.

तिघं बघतच राहिले. सहल थोडी पुढे ढकलू, असं बाई म्हणाल्या. मास्तर नको म्हणाले. ड्रायव्हरकाका तर चिडलेच. दोन वर्षं आमच्या मागे लागला होतात आणि आता गणवेश कुठून आले, असं म्हणून हेल्मेट उचलून निघून गेले. मास्तरांनी पाठीचं अवाक्षर काढलं नाही. आपल्यासाठी कुणी सहल आखूड करावी, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्यांची अब्रू राखणारा माणूस स्वतःची राखायला गेला आणि एकटा पडला. मला फार वाईट वाटलं, कारण पाठीपेक्षा माझा दोष मोठा होता.

त्यानंतर मास्तरांनी काय करावं? तिघांसाठी जाड कॅनव्हासच्या बॅगा शिवायला घेतल्या. जाऊ शकत नाही तर निदान आपल्या हातचं काहीतरी जाऊ दे, असं त्यांनी मास्तरीणबाईंना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी एक बटण उलटं लावलं.

बाईंची मोटरसायकल दारातच उभी असायची. मास्तर मशीनवर होते, म्हणून मला हातात घेऊन बाईंनीच कॅरिअरचं माप घेतलं आणि पंधरा म्हणून सांगितलं. मास्तरांनी पंधराची बॅग शिवली. पुढच्या रविवारी तिघं बॅगा न्यायला आले आणि बाईंची बॅग कॅरिअरवर चढवली, तर ती एका बाजूने बाहेर लोंबायला लागली. मास्तरांचं माप चुकलं, असं या दुकानात कधी झालं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. गळ्यातून मला काढून त्यांनी कॅरिअर मोजलं. चौदा.

"बाई, तुम्ही टेप कुठून धरली होती?"

"टोकापासून. आणखी कुठून धरणार?"

मास्तर हसले. अहो, तिचं टोक एकवर आहे, एक वजा करायचा असतो, असं म्हणता म्हणता त्यांचं हसू थांबलं. मला दोन्ही हातांत ताणून धरून ते तसेच उभे राहिले.

"आणि नकाशा?"

बाईंनी माझं टोक चष्म्याजवळ नेलं. टाक्यांच्या खाली लपलेली एकची रेघ त्यांना आत्ता दिसली. आधी शून्य कुठे आहे ते बघा आणि मग मोजा, हे त्यांनी बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

नकाशा पुन्हा पसरला. या वेळी टेप मास्तरांनी धरली आणि आकडे बाईंनी लिहिले. पहिला दिवस एकशे चाळीस. दुसरा आणि तिसरा दीडशेच्या आत. पाचवा आणि सहावा तर त्याहून कमी. चौथा मात्र, मोठ्या तलावाचा, एकशे सत्तर. मास्तर तिथेच अडले. आता पुन्हा गणवेशांकडे वळणं अगदी सोपं होतं. त्यांनी तोंड उघडलंही.

"अहो," खिडकीपाशी सुई थांबली, "आता गणवेश पुरे."

मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडे बघत, जणू मलाच सांगत असल्यासारखे ते बोलले, "गणवेश नाहीत. माझी पाठ गेलीय. दिवसाला दीडशेच्या वर डॉक्टर नको म्हणालेत. चौथ्या दिवशी वीस जास्त होतात. तो दिवस तोडून त्याचे दोन करता येतील का? मला यायचंय."

ड्रायव्हरकाका खाकरले.

"मास्तर, दर चाळीस किलोमीटरला मला उतरून चालावं लागतं. माझे गुडघे बसमध्येच राहिलेत. तुम्ही हसाल म्हणून मी बोललो नव्हतो."

मग बांधच फुटला. बेकरीवाल्याने कबूल केलं की पहाटे तीनला उठायच्या सवयीमुळे दुपारी त्याचे डोळे मिटतात आणि दोनशे तीस ऐकल्यापासून त्याला धास्ती बसली होती. बाईंना पूर्वीइतकं जड हँडल पेलवत नव्हतं. एकेकाने आपापला कमी असलेला इंच टेबलावर ठेवला आणि त्यावर सहल नव्याने आखली गेली. दुपारी दोन तास सक्तीची झोप. चाळीस किलोमीटरला थांबा. आणि मोठ्या तलावाला एकाऐवजी दोन दिवस. सहा दिवसांचे सात झाले.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी बाईंची बॅग उसवून नीट केली आणि मग मला जवळ घेतलं. माझ्या टोकाशी लाल दोऱ्याने तीन टाके घातले, लांबूनही दिसतील असे. शेजारचा छत्रीवाला मला कधीकधी नेतो, त्यालाही बोलावून माझी खोड समजावून दिली. कमीपणा असा दाखवून ठेवल्याचं मला आधी थोडं लागलं. आता काही वाटत नाही. मला टाकलं नाही, झाकलं नाही आणि माझ्यामुळे कुणाचं नुकसान होणार नाही याचीही सोय केली, याहून जास्त मी त्यांच्याकडे काय मागू?

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला सांभाळा, पण तिच्यात काय कमी आहे ते माहीत करून घ्या आणि जो ती हातात घेईल त्यालाही सांगा. माणसांचंही तसंच. जवळचं कुणी अचानक नाही म्हणालं तर त्यांच्यावर रागावून हेल्मेट उचलू नका, शेजारी बसा. आणि तुमचं स्वतःचं काही कमी असेल तर ते तुम्हीच आधी बोला. ऐकणारी माणसं बहुतेक वेळा तेवढ्यासाठीच थांबलेली असतात.

मास्तरीणबाई मास्तरांच्या मागे बसून गेल्या आहेत. आज त्यांचा चौथा दिवस. पाण्याला चिकटून जाणारा तो अर्धा काठ आज होईल आणि उरलेला अर्धा उद्या. पहिल्या आखणीत नसलेला हा दिवस उद्या उजाडेल, आणि मास्तर तिथे असतील.