सोनाजी चोरून खात नाही

दोन हजार चार साली गोरेगावात साखरेचे आजारी पुष्कळ होते, पण नावाजलेला चोर एकटा सोनाजी. गोरेगाव-सेनगाव जीप चालवायचा. साखर निघाल्यापासून पद्माबाईने त्याचं गोड बंद केलं आणि त्याने चोरून खायला सुरुवात केली. गुळाचा खडा जीपच्या पान्यांच्या डब्यात, जिलेबीचा पुडा सीटखाली. कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या घरी बारसं, हा हिशेब पद्माबाईच्या डोक्यात पक्का असायचा. जीप नेहमीपेक्षा उशिरा आली की ती दारातच विचारायची, "कुणाचं लगीन होतं?" सोनाजी लेकराची शपथ घ्यायचा. शपथ घेताना दातात बुंदी दिसायची. मग शेजारपाजारला ऐकू जाईल असं भांडण. थोडक्यात, संसार नीट चालला होता.

हिवाळ्यात चोऱ्या बंद झाल्या.

सोनाजी ताटात पडेल ते खायचा, तेही अर्धं. चहा बिनसाखरेचा दिला तरी तोंड वाकडं करायचा नाही. गोळी हातावर ठेवली की गिळायचा. डोळ्याला तकलीफ होते म्हणून जीप भाच्याकडे दिली आणि ओट्यावर बसायला लागला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून शाबासकी दिली. "पेशंट असावा तर असा!"

झालं. गावाला एक नमुना मिळाला. तांड्यावरची मिराबाई तर आपल्या नवऱ्याला, नरसिंगला, दर बाजाराच्या दिवशी हाताला धरून ओट्यापुढे उभं करायची. "बघा जरा! याला म्हन्तात मानूस. न्हाई तर तुमी, देवाचा परसाद म्हनून किलोभर खाता."

नरसिंग खाली मान घालून बघायचा. सोनाजी त्याच्याकडे बघायचाच नाही.

"नशीबवान हाय बाई तू," मिराबाई म्हणायची.

पद्माबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा हा माणूस ऐकत नव्हता, आणि आता काही न बोलता ऐकत होता. भांडायला गेलं तर "बराबर हाय तुझं" म्हणायचा. बराबर हाय! ज्या नवऱ्याने जन्मात बायकोचं बराबर धरलं नाही, तो रोज धरायला लागला, तर बाईने समजायचं काय?

बुद्धपौर्णिमा आली. विहारात खिरीचं पातेलं उतरलं की वाढायचा डाव सोनाजीच्या हातात, हे ठरलेलं. वाढता वाढता तो स्वतःचीही वाटी भरून ठेवायचा आणि पद्माबाई दुरून डोळे वटारायची. यंदा पोरं डाव घेऊन आली तर म्हणाला, "दुसऱ्या कोनी वाढा." मागे भिंतीला टेकून बसला.

पद्माबाईने त्या दिवशी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. वाटीभर खीर घरी आणली, वर बेदाणे दिसतील अशी त्याच्या खाटेजवळ ठेवली. "शेजारी जाऊन येते. लई टाइम लागंल," असं दोनदा सांगून गेली. परत आली ती पाय न वाजवता. चोर सापडावा म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता.

वाटीला मुंग्या लागल्या होत्या. सोनाजी बाजूलाच बसून बघत होता.

"अवं, मुंग्या हाकलायच्या तरी!"

"खाऊ दे. त्यायला तरी भूक हाय."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून खूश होऊन मान हलवली. "साखर उत्तम. वजनही उतरलंय. छान!"

"छान काय, डॉक्टरसाब? हे चोरून खाऊन न्हाई राहिले."

डॉक्टर हसले. "बाई, बाकीच्या बायका उलटी तक्रार घेऊन येतात."

"त्यायचे नवरे चोऱ्या करतेत, भांडतेत, खोटं बोलतेत. माहा नुसता बसून राहिला. रिपोर्ट चांगला हाय, मानूस बिघडला. तुमी रिपोर्टच बघून राहिले!"

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. आजवर त्यांनी सोनाजीला पाय विचारले होते, डोळे विचारले होते, लघवी विचारली होती.

"सोनाजी, झोप लागते?"

"पहाटंच उघडते. मग पडून राहतो."

"कशात मन लागतं? जीप, माणसं, लग्नकार्य?"

"न्हाई. कशातच न्हाई."

"जगणं नकोसं वाटतं?"

सोनाजीने बायकोकडे बघितलं नाही. "करनार काई न्हाई मी. पन निजलो अन् उठलोच न्हाई तर बरं, असं येतं मनात. हिची पथ्याची कटकट तरी मिटंल."

"कटकट?" पद्माबाई ताडकन उठली. "मी कधी म्हन्ले कटकट?"

"रोज."

डॉक्टरांनी तिला हाताने बसवलं. मग सावकाश सांगितलं: हा उदासपणाचा आजार. साखर असलेल्या माणसांना बऱ्याचदा गाठतो. रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं, आणि ते त्यांनी विचारलं नव्हतं. जेवण असं अर्धं राहिलं तर साखरेच्या गोळीनेच साखर धोक्याइतकी खाली जाईल, म्हणून गोळी त्यांनी तिथेच कमी केली. एकट्याला ठेवू नका म्हणाले, आणि नांदेडच्या मनाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. "औषधाने बरं वाटतं. उशीर करू नका."

दुसऱ्या सकाळी नांदेडला निघायला दोघं हिंगोलीच्या जीपपाशी आले आणि सोनाजी पाराला टेकून बसला. "मी न्हाई येत. लोक येडा म्हनतील."

"काल मरायला निघाले होते, तवा लोकायला इचारलं होतं का?" पद्माबाई कडाडली. जीपवाला हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात नेमकी मिराबाई नरसिंगला घेऊन हजर.

"भाऊ, बरे भेटले. सांगा की आमच्या ह्यायला, तोंड कसं आवरलं?"

पद्माबाईने कपाळावर हात मारला. काहीतरी सांगून हिला वाटेला लावावं म्हणून तिने तोंड उघडलं, तोच सोनाजी बोलला.

"आवरलं न्हाई, बाई. खावंसंच वाटत न्हाई. काहीच करू वाटत न्हाई. आजार हाय मनाचा. त्याच्याच डॉक्टरकडं निघालो, नांदेडला."

मिराबाईने नरसिंगचा हात सोडला. नरसिंगने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मान वर केली. "लांब हाय नांदेड," तो म्हणाला. "खिडकीपाशी बसा."

लोकांनी म्हणायचं ते आता म्हणून घ्यावं, लपवायला काही उरलं नव्हतं. सोनाजी उठला. पद्माबाईने त्याला आधी आत ढकललं, मग पिशवी ढकलली, आणि "सरका की पलीकडं!" असं खेकसत शेजारी बसली.