मुल्त्यांची जागा

"कॉफी पातळ झालीये," आई कपात बघत पुटपुटली. "आज इंगुन येणार, आज तरी जरा दाट करायचीस."

रोज करते तशीच केली होती. बाबा गेल्यापासून आईच्या दारातला बर्फ मी उपसते, तिला डॉक्टरकडे मी नेते. माझी धाकटी बहीण इंगुन ऑस्लोत राहून पुस्तकं लिहिते आणि रानं वाचवायला खोदायच्या यंत्रांपुढे आडवी पडते. पोलिसांनी तिला हातापायांना धरून उचललंय, असा पेपरातला फोटो आईच्या फ्रिजवर आहे. माझा लागायचा तर मलाही कुणीतरी उचलायला हवं, आणि माझ्या वजनाकडे बघता ते जमणं कठीण.

इंगुन आली ती गावामागच्या दलदलीसाठी. तिथे पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. संध्याकाळच्या सभेत कंपनीचा माणूस म्हणाला, जमीन ओसाड आहे, खाण्यासारखं काही उगवत नाही. सगळं गाव गप्प. तिथे मुल्ते पिकतात, पिवळीधमक, मऊ फळं. पण आपली मुल्त्यांची जागा आमच्याकडे कुणी जावयालासुद्धा सांगत नाही.

इंगुन उठली आणि सांगून मोकळी झाली. तळ्याच्या पूर्वेला, जळक्या बर्चच्या झाडामागे. आई दर ऑगस्टला बादली भरून आणते. सगळ्यांनी लाजून माना खाली घातल्या. अर्थात पत्ता पाठ करत.

मलाही तो तेव्हाच कळला, गावाबरोबर. इतकी वर्षं विचारलं की आई म्हणायची, आहे तिकडे वर कुठेतरी, आणि नाताळात मुरंब्याची बरणी पुढे करायची.

घरी येऊन मी वॅफल केले. इंगुननं आईची माफी मागितली. असू दे, दलदल वाचली तर पुरे, आई म्हणाली. मग लहानपणी इंगुनचा बूट तिथल्या चिखलात कसा गेला, ते आठवून दोघी हसत बसल्या. मी घासलेलंच भांडं पुन्हा घासत होते.

"हिला दाखवलीस," मी म्हणाले. "मला का नाही?"

"अगं ताई, मी तेव्हा एवढीशी होते. रडत मागे लागले असेन, म्हणून..."

"तू गप बस," आई तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुझ्यावाचून माझा एक दिवस निघत नाही, तोरुन. पण जीव माझा हिच्यावर आहे. पहिल्यापासून."