उतरलं की सुरू होते

"गाडी धुऊन दिलीय साहेब. आत सेंटपण मारलाय," असं म्हणून सुपरवायझरनं किल्ली पुढे केली.

तक्रारसाहेबांनी किल्ली घेतली नाही. आधी त्यांनी सुपरवायझरच्या टायकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या कागदाकडे. तळाशी लिहिलं होतं, गाडी तपासली, दोष आढळला नाही. हे वाक्य त्यांनी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात बसून एकतीस वर्षं लिहिलं होतं. पुढे लिहायचाही कंटाळा आला तेव्हा त्याचा शिक्काच करून घेतला होता. त्यामुळे हे वाक्य लिहिणारा माणूस किती पाण्यात असतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"मुडद्याला आंघोळ घातली म्हणून तो चालायला लागत नाही," ते म्हणाले.

सुपरवायझर हसला. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी हसायचं, एवढं एक शिक्षण त्याला नीट मिळालं होतं. तक्रारसाहेब हे नावही याच वर्कशॉपनं ठेवलेलं. ते कळल्यावर साहेबांना राग न येता थोडं बरंच वाटलं होतं.

ही तिसरी खेप. गाडीचं दुखणं एकच होतं. चालता चालता ती मध्येच बंद पडायची. ना आचका, ना धूर. सिग्नलला, पुलावर, कुठेही एकदम गप्प व्हायची आणि दोन मिनिटांत काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. वर्कशॉपमधल्या एकानं बॉनेट उघडून कान लावला. दुसऱ्यानं कॉम्प्युटर जोडला आणि त्यानं काही सांगितलं नाही म्हणून सुस्कारा सोडला. तिसऱ्यानं धुतली. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असे सगळे. साहेबांच्या मते या माणसांना गाडीच काय, सायकलची हवासुद्धा भरायला देऊ नये.

मात्र पहिल्या खेपेला याच सुपरवायझरनं विचारायला सुरुवात केली होती, कधी बंद पडते, रस्ता कसा असतो, गाडीत कोण कोण असतं. साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं होतं. एकतीस वर्षं लोकांचे बिघाड ऐकलेत, मला प्रश्न विचारू नका, पेट्रोलचा पंप गेलाय, तो बदला, असं सांगून त्यांनी कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात तक्रार लिहिली. वर्कशॉपला काय, आंधळा मागतो एक डोळा. त्यांनी पंप बदलला. दुसऱ्या खेपेला साहेबांनी फिल्टर लिहिला, त्यांनी फिल्टर बदलला. धुणं आपलं दर वेळी.

गाडी घेतली होती ती गुरुवारांसाठी. साहेबांच्या बायकोची थोरली बहीण, ताई, शहराच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळून होती. हळूहळू ती सगळ्यांना विसरत चालली होती. मुलगा कोण, सून कोण, काही कळत नव्हतं. धाकटी बहीण तेवढी ओळखू यायची, कारण ती दर गुरुवारी जायची आणि तिचे केस विंचरायची. एखादा गुरुवार चुकला की पुढच्या खेपेला आपण कोण हे पहिल्यापासून सांगावं लागे. म्हणून बायको गुरुवार चुकवत नसे, आणि गुडघे दुखतात म्हणून साहेब तिला गाडीनं नेत.

आणि नेमकी त्याच वाटेवर गाडी बंद पडायची. साहेब म्हणायचे, उतर, धक्का मार. दुखऱ्या गुडघ्यांची ती बाई खाली उतरायची, मागे जाऊन डिकीला हात लावायची, आणि धक्का मारायच्या आतच गाडी सुरू. पहिल्यांदा दोघंही हसले. चौथ्यांदा साहेब हसले नाहीत.

"तू उतरलीस की सुरू होते. काय नाट लावतेस की काय?"

"अहो, माझ्या सीटखाली टक् असं काहीतरी वाजतं, मग बंद पडते."

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. बुडाखालचं कळतं."

एरवी या उत्तराला कुणीही दाद दिली असती. साहेबांनी रेडिओचा आवाज वाढवला. दोष आढळला नाही.

सातव्या वेळी भर गर्दीत बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. साहेब खिडकीतून डोकं काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा पायगुणच तसला आहे." पुढच्या गुरुवारी तिनं फणीची पिशवी घेतली आणि बसनं गेली. दोन बस बदलून.

त्या महिन्यात गाडी एकदाही बंद पडली नाही. साहेबांनी हे बायकोला दोनदा ऐकवलं, शेजाऱ्यांना किती वेळा ते त्यांनाच ठाऊक. मग एक दिवस त्यांचे जुने मोठे साहेब रस्त्यात भेटले. त्यांना मोठ्या आदरानं शेजारी बसवलं आणि अर्ध्या मैलावर गाडी गप्प. मोठे साहेब कपाळाला आठ्या घालून उतरले, गाडी सुरू झाली. आता मोठ्या साहेबांच्या पायगुणाबद्दल बोलायची सोय नव्हती. तेव्हा दोष पुन्हा वर्कशॉपचा ठरला, आणि म्हणून ही तिसरी खेप.

"किल्ली नको. तुमच्यातला कुणीतरी माझ्या शेजारी बसा. बंद पडेपर्यंत फिरवतो," साहेब म्हणाले.

त्यांच्या तोंडाला लागायला कुणी तयार नव्हतं. शेवटी वायरिंगचं काम करणाऱ्या म्हाताऱ्याला पिटाळलं. हा देहानं अगडबंब, चालीनं संथ. साहेबांनी आजवर त्याला माणसात धरलं नव्हतं. तो डाव्या सीटवर बसला तशी गाडी त्या अंगाला कलली. दुसऱ्याच गतिरोधकावर इंजिन बंद.

"बघा!" साहेब ओरडले. आयुष्यात गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. "आता उतरा आणि धक्का मारा."

म्हातारा उतरला. गाडी सुरू झाली. तो पुन्हा बसला, एका खड्ड्यात बंद झाली. उतरला, सुरू झाली. तिसऱ्या वेळी तो उतरून दारातच उभा राहिला.

"साहेब, या जागेवर नेहमी कोण बसतं?"

"आता कुणी नाही. आधी बायको बसायची."

म्हाताऱ्यानं रस्त्याच्या कडेलाच सीट पुढे सरकवली, खालचं कार्पेट उचललं आणि बोटानं एक वायर वर काढून दाखवली. सीटच्या पायानं ती दाबून दाबून आतून तुटत आली होती. माणूस बसला आणि हादरा बसला की पंपाचा करंट तुटायचा. माणूस उतरला की पुन्हा टोकाला टोक टेकायचं.

"दाबली की टक् वाजते बघा," तो म्हणाला. "बसणाऱ्याला कळायला पाहिजे. बाई कधी काही बोलल्या नाहीत?"

साहेबांनी उचललेल्या कार्पेटची कड बुटाच्या टोकानं सरळ केली.

"बोलल्या असतील तर कागदावर यायला पाहिजे होतं. कागदावर तुम्ही पंप लिहिला होता."

त्याचा सूर भांडणाचा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. एकतीस वर्षांत साहेबांना उलट बोलणारे पुष्कळ भेटले होते. हा माणूस नुसता तुटकी वायर सोलत होता आणि त्यांच्याकडे बघतही नव्हता.

घरी आले तेव्हा बायको चप्पल घालत होती. गुरुवार होता. साहेबांनी सांगितलं, वायर सापडली, सीटखाली होती. ती म्हणाली, हो का. साहेबांनी किल्ली खुंटीला लावली आणि पुन्हा काढून घेतली.

"तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं."

"चल, मी सोडतो. आता नाही बंद पडणार."

"नको. बसची वेळ झालीय."

"अगं, गुडघे दुखतात ना? ताई वाट बघत असेल."

ती दाराला धरून उभी राहिली. "ताई कुणाची वाट बघत नाही आता. मध्ये तीन गुरुवार मला त्या बसच्या पायऱ्या चढवल्या नाहीत. चौथ्याला गेले तर म्हणाली, बाई, तुम्हाला कुणी पाठवलं?"

साहेबांना हे ठाऊक नव्हतं. तिन्ही गुरुवारी ती घरातच होती आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"मग कशाला जातेस?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"केसांत गुंता होतो."

ती एकेक पायरी कठड्याला धरून उतरली. साहेब तिच्या मागोमाग खाली आले, गाडी सुरू केली, वळसा घालून डावं दार उघडून उभे राहिले. ती गाडीच्या बाजूनं, तिला धक्का लागू नये इतपत अंतर ठेवून पुढे गेली आणि कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं बस आली. कंडक्टरनं हात दिला, तो धरून ती वर चढली.

साहेब पुन्हा वळसा घालून उजवीकडे गेले नाहीत. ते उघड्या दारातून डाव्याच सीटवर बसले. सीट खाली दबली. काही वाजलं नाही. गाडी चालूच राहिली.