दुसरा दिवा

आत्या काचेच्या कारखान्यातली भट्टी मंत्राने पेटवायची. परवान्याचं नूतनीकरण झालं नाही तर तिची नोकरी जाणार होती, म्हणून परीक्षेला तिने मला, घरातल्या एकुलत्या एका बीएस्सीला, सोबत आणलं होतं.

तिने मंत्र म्हणताच पहिला दिवा पेटला. परीक्षक मला म्हणाले, "आता तुलनेसाठी दुसऱ्या दिव्यासमोर तुम्ही काहीही वाचा."

मी पर्समधली लाँड्रीची यादी वाचली. तीन चादरी, दोन अभ्रे. अभ्र्यांपाशी दिवा पेटला.

"म्हणजे मंत्राचा काही संबंधच नाही," असं म्हणून परीक्षक नकाराचा शिक्का शोधू लागले. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांबा," मी म्हणाले. दोन्ही वेळा एक गोष्ट तीच होती. "आत्या, तू जरा बाहेर जा."

"सख्खी भाचीच जिवावर उठली!" असं पुटपुटत ती गेली.

मी यादी पुन्हा वाचली, मग तिचा मंत्रही म्हटला. तिसरा दिवा थंडच राहिला.

तिला आत बोलावून मी विचारलं, "मी वाचत होते तेव्हा तू काय करत होतीस?"

"काय करणार? दिव्याकडे बघत होते. हा पेटला तर माझं काही खरं नाही, एवढीच भीती मनात होती."

"मग मंत्र नाही, तुझी भीतीच पेटवते."

"ते राहू दे गं! परवान्याचं काय?" तिची नजर टेबलावरच्या स्वतःच्या फाइलवर खिळली.

फाइलच्या कडेतून धुराची बारीक रेघ निघाली.

"मिळाला, बाई, मिळाला!" परीक्षकांनी घाईघाईने मंजुरीचा शिक्का मारला.

धूर थांबला.