पन्नासावी बाई

“अजून एक बाई पाहिजे, सिस्टर.” शिकाऊ डॉक्टर बन्सीधर उपकेंद्राच्या दारातून चौथ्यांदा आत आला. “पन्नास झाल्या तरच सर प्रोजेक्ट घेतात. आणि पाचची सेलूची एसटी चुकली तर मेलोच.”

शेतमजूर बायांच्या अंगात रक्त किती, हा त्याचा प्रोजेक्ट. तो दिल्याशिवाय कॉलेज त्याला पुढं सरकू देणार नव्हतं. नर्स कुसुमबाईंनी चार दिवस त्याच्यासाठी वस्ती पालथी घातली होती. बाया सुई बघूनच दार लावून घेत.

या धावपळीत कुसुमबाईंचाही स्वार्थ होता. धुरपदाला सातवा महिना लागला होता आणि उद्या सकाळी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीच्या ट्रकात चढणार होती. पापणी खाली ओढली की आत नुसतं पांढरं. तिला नेऊ नको, हे तिच्या नवऱ्याला, मुंजाजीला सांगून कुसुमबाईंचं तोंड दुखलं होतं. तो म्हणाला होता, “तुमी समद्याच बायांना रगत कमी हाय म्हणता. मोजून कागद द्या, मंग ठिवतो घरी.”

रक्त मोजायची नळी उपकेंद्राला पंधरा वर्षांत मिळाली नव्हती. आता ती बन्सीधरच्या पेटीत होती, आणि धुरपदा भीतीनं घराबाहेर पडत नव्हती.

साडेचार वाजले. त्याच्या येरझाऱ्यांनी कुसुमबाई वैतागल्या. त्यांनी स्वतःचं बोट पुढं केलं.

“घ्या माझंच. सुटा एकदाचे.”

रक्त नळीत गेलं. पाठोपाठ रंग जुळवून मोजायला लागणारं, बाटलीतलं उरलंसुरलं ॲसिडही गेलं. आकडा आला बारा. बन्सीधरनं तो फॉर्मवर उतरवला आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘शेतमजूर’ लिहिलं. कुसुमबाईंना हसू आलं.

तेवढ्यात दारात धुरपदा उभी. घामाघूम झालेली.

“आले बाई. टोचा काय टोचायचं ते.”

“ॲसिड संपलं,” बन्सीधर पेटी आवरत म्हणाला.

कुसुमबाईंनी धुरपदाला उजेडात ओढलं. “मंग नजरेनं लिहा डॉक्टर. हिची पापणी तर बघा. सहाच्या वर काय न्हाई.”

“न मोजता कसा लिहू? खोटं होईल ते.”

“आन् मी शेतमजूर कवा झाले?”

तो लाल झाला. फाट्यावर हॉर्न वाजला. पन्नास फॉर्म छातीशी धरून तो पळाला. टेबलावर एक कोरा फॉर्म राहिला.

कुसुमबाईंना त्याचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा. दहा मिनिटं कळ काढली असती तर? पंधरा वर्षांत त्यांनी रजिस्टरात मनचा एक आकडा लिहिला नव्हता. धुरपदाला घरी पाठवून त्यांनी फॉर्म पुढं ओढला. नाव लिहिलं. सहा लिहिलं. खाली डॉक्टर करतात तशी न लागणारी सही केली.

सकाळी ट्रक भरला होता. मुकादम घाई करत होता. कुसुमबाईंनी दिलेला कागद मुंजाजीनं उलटसुलट करून पाहिला.

“डॉक्टरनंच मोजलं का?”

“मोजलं.”

त्यानं बायकोचं गाठोडं खाली ठेवलं आणि एकटाच वर चढला. धूळ बसेपर्यंत दोघी रस्त्यात उभ्या होत्या.

“बाई,” धुरपदा हळूच म्हणाली, “माझं बोट तर टोचलंच न्हाई.”

“माझं टोचलंय,” कुसुमबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचं गाठोडं उचललं.