आतलं पॉलिश

रायफल दुकानातून परत आली तेव्हा इतकी देखणी दिसत होती, की शिंपीणबाईंना वाटलं, दुसऱ्याच कुणाची चुकून आपल्या पदरात पडली. नळीवर निळसर काळी झळाळी, लाकडी दस्त्याला मधाच्या रंगाचं पॉलिश, आणि इतक्या वर्षांचे ओरखडे जणू कधी नव्हतेच. नवऱ्याने लग्नाच्या वाढदिवसासाठी ती गुपचूप कारागिराकडे नेऊन दिली होती. नवरा म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात उभा जन्म गेलेला माणूस. चमकणाऱ्या वस्तूवर त्याचा भारी जीव. बायको रायफलीकडे बघत राहिली, तो बायकोकडे बघत राहिला, आणि दोघांनाही आपण फार सुखात आहोत असं वाटलं. हे सुख पुढच्या रविवारपर्यंत टिकलं.

रविवारी क्लबच्या रेंजवर बाई नेहमीसारख्या पालथ्या झोपल्या, रायफलीचा चामडी पट्टा दंडाला अडकवून ताणला, आणि श्वास सोडता सोडता चाप ओढला. गोळी डावीकडे गेली. दुसरीही डावीकडे. रायफलीवरची नेम सरकवायची चकती फिरवून त्यांनी तेवढी चूक भरून काढली, तर एक गोळी मध्यात बसली आणि पुढची पुन्हा डावीकडे. कधी थोडी, कधी पुष्कळ. ज्या बाईंनी अख्ख्या क्लबला पाणी पाजलं होतं, त्यांच्या गोळ्या टार्गेटच्या मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाला ओळखही दाखवेनात.

क्लबचे सेक्रेटरी मागेच उभे होते. वाईट बातमी गोड आवाजात सांगायची त्यांना हौस होती.

"काकू, वय काय कुणाला चुकलंय? डोळे आहेत ते, थकणारच."

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"हो हो, आहेतच. पण आता स्कोअर लिहायला बसा की. तुमच्यासाठी गादीची खुर्ची मागवतो."

आता या मायेमागची गंमत सांगायलाच हवी. शहराशहरांमधल्या सामन्यासाठी क्लबचा संघ निवडायचा होता. तिघांची नावं पक्की होती, चौथी जागा वर्षानुवर्षं बाईंची. या वर्षी त्या जागेवर सेक्रेटरींच्या जावयाचाही डोळा होता. जावई तसा गुणी होता, नेमही बरा होता, पण मागच्या निवडीत बाईंपुढे त्याची डाळ शिजली नव्हती. दोन रविवारांनी पुन्हा निवड होती. त्या दिवशीही गोळ्या अशाच भरकटल्या, तर बाईंची रायफल कपाटात आणि बाई गादीच्या खुर्चीत. एकदा त्या खुर्चीत बसलं की पुन्हा कुणी उठवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रायफल घेऊन त्या तडक कारागिराकडे गेल्या. त्याने तक्रार ऐकून घेतली, पण चेहरा असा केला की जणू त्याच्या मुलीच्या रंगरूपाला कुणी नाव ठेवलंय. मागच्या अंगणात वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून त्याने लागोपाठ गोळ्या झाडल्या आणि टार्गेट आणून बाईंच्या हातात दिलं. सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या दिसत होत्या.

"रायफल चोख आहे, बाई. आमच्याकडे बाहेर एक आणि आत एक असं नसतं. नळी बसते ना, त्या खाचेतसुद्धा बाहेरच्याइतकेच पॉलिशचे हात दिलेत मी. दिसत नाही म्हणून सोडून देणारे दुसरे!"

बाईंनी टार्गेट घडी करून पिशवीत टाकलं. रायफल घेऊन त्या घरी आल्या.

घरी वेगळाच तमाशा. नवऱ्याने डोळे तपासायचा तक्ता भिंतीवर लावला होता. बाईंनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. त्याने तक्ता आणखी लांब नेला. बाईंनी तेव्हाही वाचली. तरी पठ्ठ्या नवी काच घासायला बसलाच. आपल्या भेटीत खोट असेल हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही, आणि बाईंना तो बोलून दाखवायचा धीर होत नव्हता. कपाट उघडून तो रायफलीवरची धूळ फुंकायचा आणि स्वतःशीच हसायचा. अशा माणसाला काय सांगायचं? शिवाय खरं सांगायचं तर बाईंनाही त्या झळाळीची भीतीच बसली होती. पूर्वी नेमबाजी झाली की त्या नळी आणि लाकडी खाच यांच्यातल्या फटीतून कापडाची पट्टी ओढून सगळं पुसून काढायच्या. आता नव्या पॉलिशला चरा पडेल म्हणून त्या नुसतं वरून मऊ फडकं फिरवत होत्या.

निवडीच्या आधीच्या शुक्रवारी गायनवृंद चालवणाऱ्या बाई नव्या कोटाची तक्रार घेऊन आल्या. शिंपीणबाईंनी त्यांना आरशासमोर उभं केलं. कोट अंगावर ओतल्यासारखा बसला होता.

"छान तर बसलाय!"

"उभी असते तेव्हा छानच बसतो हो. पण नुसतं उभं राहणं हे काही माझं काम नाही. हे बघा." त्यांनी गाणाऱ्यांना इशारा करायला उचलतात तसे दोन्ही हात उचलले, आणि कोट बगलेत असा खेचला गेला की कॉलर वाकडी होऊन मानेवर चढली.

शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बरं. नाहीतर त्या ओरडल्याच असत्या. कारागिराने रायफलीची ट्रायल हात खाली ठेवून घेतली होती! वाळूच्या पिशवीवर निवांत पडलेली रायफल गुणीच वागणार. पट्टा ताणला की दस्ता ओढला जातो, तेव्हा काय होतं ते कुणी बघितलंय? आणि डोळे गेले असते तर गोळ्या चहूकडे पांगल्या असत्या. या मेल्या डावीकडेच जात होत्या.

गिऱ्हाइकाला बगल सैल करून द्यायचं वचन देऊन त्यांनी वाटेला लावलं आणि जिन्यातून हाक मारली, "अहो, खाली या. चष्मा राहू द्या!"

नवरा आला तेव्हा बायको कापड बेतायच्या टेबलावर पालथी झोपली होती आणि रिकाम्या रायफलीचा पट्टा दंडाला अडकवत होती. कपड्यांचे नमुने काढायच्या पातळ कागदाची एक पट्टी तिने नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवली होती.

"ओढा ती."

कागद सळसळत पुढेमागे गेला. मग बाईंनी पट्टा ताणला, अगदी रेंजवर ताणतात तसा.

"आता ओढा."

"अडकली."

"जोरात ओढा."

पट्टी टर्रकन फाटली. अर्धी नवऱ्याच्या हातात आली. काचेवरचा केसभर उंचवटा बोटाने ओळखणारा माणूस, त्याला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. आतल्या जाड पॉलिशने नळीभोवतीची फट अरुंद झाली होती, आणि पट्टा ताणला की खाचेची भिंत नळीला डावीकडे ढकलत होती.

"म्हणजे माझीच भेट…" तो फाटक्या पट्टीकडे बघत म्हणाला.

बाईंना फार वाईट वाटलं. टेबलावरून उतरून त्यांनी त्याचा हात धरला. "अहो, भेट सुंदर आहे. बगलेत जरा घट्ट झालीय, एवढंच."

नवरा फिसकन हसला, आणि मग बाह्या सरसावून वरून आपला बारीक सँडपेपर घेऊन आला. बाईंना त्याने हात लावू दिला नाही. स्क्रू काढून नळी उचलली, दोऱ्याची रिळं अडकवायच्या गोल दांडीला सँडपेपर गुंडाळला आणि तो खाचेतलं पॉलिश घासायला लागला. थोडं घासायचं, नळी बसवायची, बाईंनी पट्टा ताणायचा, कागद सरकवून बघायचा. कागद अडला की पुन्हा घासायचं. त्याच्या भुवयांवर मधाच्या रंगाची पूड बसली. अखेर पट्टा करकचून ताणलेला असतानाही कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला. उघड्या लाकडावर नवऱ्याने तेलाचा पुसट हात फिरवला, ओल धरू नये म्हणून.

रविवारी रेंजवर गादीची खुर्ची खरोखरच मांडलेली होती. सेक्रेटरींनी बाईंना पाहून ती हाताने झटकलीसुद्धा. आधी जावयाची पाळी होती, आणि त्याने खरंच झकास नेम साधला. सासरेबुवा उभ्या उभ्या फुगले. रायफलीचं काय होतंय ते बघायला कारागीरही आला होता.

बाई झोपल्या. पट्टा ताणताना क्षणभर त्यांच्या मनात भीती डोकावली, आणि त्या भीतीचा त्यांना रागच आला. पहिली गोळी दहात. दुसरी दहात. मागे दुर्बीण लावून बसलेल्या नवऱ्याच्या तोंडून "हं" एवढंच निघत होतं, पण प्रत्येक "हं" मागच्यापेक्षा मोठा. शेवटच्या गोळीआधी बाईंनी मुद्दाम पट्टा आणखी एक भोक आवळला. होऊन जाऊ दे. चाप ओढला. गोळी दहाच्या मधोमध बसली, आणि नवऱ्याचा "हं" पार फाटकापर्यंत ऐकू गेला.

जावई पुढे आला आणि मनापासून म्हणाला, "काकू, तुमच्यापुढे हात टेकले." सेक्रेटरी मात्र स्कोअरची वही उलटसुलट चाळत होते.

"दमलात तुम्ही," बाई त्यांना म्हणाल्या. "बसा जरा. खुर्चीला गादी आहे." आणि काय सांगावं, ते बसले!

कारागिराने रायफल उलटीसुलटी करून पाहिली, खाचेत बोट घातलं आणि दचकला. "बाई, आत कुणी खरवडलं?"

बाईंनी कागद आणि पट्ट्याची हकीगत सांगितली. तो ऐकत गेला आणि त्याची मान हळूहळू खाली गेली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "ठेवून जा. आतून अगदी पातळ हात देतो, नळीला लागणार नाही असा. उघडं लाकूड बरं दिसत नाही."

बाईंनी रायफल त्याच्या हातातून अलगद काढून घेतली. नवरा बाजूलाच उभा होता. त्याच्या नखांत अजून पॉलिशची पूड होती.

"बाहेरचं तुमचं, ते फार सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "आतलं राहू द्या. ते यांनी केलंय."

मग त्यांनी रायफल नवऱ्याच्या खांद्याला अडकवली आणि दोघं घरी निघाले.