नागकन्येची विहीण

"बाहेर काढा मला. सहा वाजून गेले," कुमुद म्हणाली. म्हणजे तिचं मुंडकं म्हणालं.

मुंडकं टेबलावर होतं. मानेपासून हिरव्या-काळ्या खवल्यांचं, काथ्या भरलेलं सापाचं धूड वेटोळं घालून टेबलभर पसरलं होतं. उरलेली कुमुद, म्हणजे पोटऱ्या, दुखरे गुडघे आणि बहुतेक सगळा संताप, टेबलाखाली आरशांच्या मागे घडी घालून ठेवलेली होती.

तंबू रिकामा होता. समोर फक्त वेदांग उभा होता, या हिवाळी जत्रेचा मॅनेजर. दुबईतच वाढलेला. मराठी त्याला उत्तम यायचं, पण ते तो आजीसाठी आणि कुणाला नकार द्यायचा असला तर जपून ठेवायचा.

"आंटी, प्लीज. एक स्कूल ग्रुप येतोय. जस्ट एक शो."

"सकाळी तू सहाला सोडतो म्हणालास."

"मी इन्शाल्ला म्हटलं होतं."

इन्शाल्लाचा अर्थ 'हो' असा लावण्याइतकी कुमुद या देशात नवी नव्हती. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि आज तिला गरज होती.

"उमैमा बसेल ना माझ्या जागी. तिला सांगून ठेवलंय मी."

उमैमा म्हणजे शेजारच्या रिंगा टाकायच्या स्टॉलवरची लाहोरची पोरगी. अंगानं काटकुळी, पेटीत अगदी मापात बसायची.

"ती हसते, आंटी. लास्ट टाइम मुलांनी विचारलं तुला शाप कुणी दिला, तर ही खी खी करत बसली. शापाची काही सिरियसनेस राहते का मग?"

एवढं बोलून तो फोन कानाला लावून निघून गेला. हा त्याचा जुना गुण. दुसऱ्याला हलता येत नसेल तेव्हाच तो वाद घालायचा.

कुमुदची आजची गरज अशी होती. मुलगी शर्वाणी हिचं जमलं होतं. प्रणव अबूधाबीत नोकरीला, रीम आयलंडवर उंच इमारतीत राहणारा, आईबापांचा एकुलता. दोघांनी एकमेकांना पसंत करून वर्ष होत आलं, तरी विहिणी-विहिणींची गाठ पडली नव्हती. दर वेळी शर्वाणीच "नंतर बघू, आई" म्हणायची. तिकडे तिनं सांगितलं होतं की आई-बाबा एंटरटेन्मेंट लाइनमध्ये आहेत. ही थाप नव्हती. नागाचं अंग जसं काथ्याचं असूनही नागाचंच दिसतं, तितपत ते खरं होतं.

आज अखेर बर दुबईच्या थाळीच्या हॉटेलात आठ वाजता भेटायचं ठरलं होतं. कुमुदची एकच इच्छा होती. आपण आधी पोचायचं, दारात उभं राहायचं आणि विहीणबाईंना हाताला धरून आत न्यायचं. मुलीच्या आईनं बसल्या जागेवरून स्वागत केलं असं तिच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. इरकल इस्त्री करून पडद्यामागे टांगलेली होती. चेहऱ्याचा हिरवा रंग काढायलाच बराच वेळ लागतो, तोही तिनं धरला होता. धरला नव्हता तो वेदांग.

गणू पडद्यातून डोकावला. हा उंच बांबूच्या पायांवर जत्राभर फिरायचा, आणि रोल्ला भागात कुमुदच्या वरच्याच खोलीत राहायचा. ती अख्खी इमारतच अशी होती. खाली आग खाणारा, मध्ये नागकन्या, वर बांबूपाया. लिफ्टमध्ये भेटले की सगळे एकमेकांना गॅस सिलिंडर कधी येणार ते विचारायचे.

"वयनी, काय झालं? तोंड का असं?"

"दुसरं काय दिसतंय तुला? तोंडच उरलंय."

"माझं बघा. चार पाय हायत, पर जायाला कुठं न्हाई." तो हसला. "दादांना सांगू का, गाडी काढा म्हणून?"

"सांग. आणि म्हणावं, हा शेवटचा. कुणी आलं तरी पडदा पाड."

पण तिच्या नवऱ्याला, आत्मारामला, शेवटचा शो कळत नव्हता. सांगली-कोल्हापूरच्या जत्रांतून तो पुकारा करत आला होता, ओठावर मिसरूड फुटलं तेव्हापासून. बाहेर माइकवर त्याचं चाललंच होतं: "आइए, देखिए! सर औरत का, बदन नागिन का! माँ-बाप का कहना नहीं माना, देखो क्या हाल हुआ!" पुकारा करणारा कधी तोंडं बघत नाही. तो पाय बघतो. चालणाऱ्या घोळक्यात कुणाचे पाय रेंगाळले की त्याचा आवाज आपोआप तिकडे वळतो. तोंडं बघणारा पुकारी उपाशी मरतो, असं त्याच्या गुरूनं त्याला शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी एक जोडी पाय रेंगाळले. मऊ चामड्याच्या चपला, पायात जोडवी.

"या ताई, या! मराठी दिसताय. घरच्या माणसांना पुढची जागा!"

ताईंच्या मागून आलेले पांढरे बूट त्याला ओळखीचे वाटले. ते त्यानंच मुलीच्या वाढदिवसाला घेतले होते. तेव्हा कुठं त्यानं मान वर केली, आणि शर्वाणीचा चेहरा बघून त्यानं माइक खाली केला. पण ताई आत गेल्या होत्या, आणि शाळेची पोरं त्यांच्या मागून घुसली होती.

आत कुमुदनं आधी शर्वाणीला पाहिलं. मग शेजारचा उंच मुलगा, मग त्याची आई. फोटोत पाहिलेल्या सुजाताबाई, हातात गुलाबी बुढ्ढी के बाल. जेवणाआधी जत्रा बघू, हा हट्ट त्यांचाच असणार. चेहऱ्यावरून त्या हौशी आणि मोकळ्या वाटत होत्या. दुसऱ्या कुठल्या वेळी कुमुदला त्या आवडल्या असत्या.

"अय्या! लहानपणी आमच्या जत्रेत अगदी अशीच होती," सुजाताबाई म्हणाल्या आणि पार दोरीपर्यंत पुढे आल्या. "काय गं नागकन्ये, मराठी येतं का तुला?"

"येतं," मुंडकं म्हणालं.

"लग्न झालं की नाही तुझं?"

पोरं हसली. प्रणव फोनवर व्हिडिओ घेत होता. कुमुद शर्वाणीकडे बघत होती. या तंबूत, याच आरशांच्या मागे टॉर्च लावून त्या पोरीनं चौथीपर्यंतचा अभ्यास केला होता. एक शब्द पुरला असता. 'आई' एवढाच.

शर्वाणीनं प्रणवचा दंड धरला. "कम ऑन ना. इट्स जस्ट मिरर्स. खाली बॉक्स असतो. लेट्स गो, आंटी."

धंद्यातलं माणूस भुकेनं मरेल, पण भर तंबूत आरसा सांगणार नाही. गणूनं कधी सांगितला नसता. खिदळणाऱ्या उमैमानंही नाही.

"मिरर्स! मिरर्स!" पोरं ओरडायला लागली.

तेव्हा कुमुदनं ठरवलं, उठायचं. शो गेला तर गेला. टेबलाची फळी ढकलून, हिरव्या तोंडानं का होईना, दोन पायांवर उभं राहायचं आणि म्हणायचं, नमस्कार, मी शर्वाणीची आई. तिनं हात टेकले. खांदा लावला. फळी हलली, नागाचं वेटोळं थरथरलं.

पाय हलले नाहीत. इतका वेळ घडीत राहून दोन्ही लाकडासारखे बधिर झाले होते. रोज शो संपला की आत्माराम आणि गणू काखेत हात घालून तिला उपसून काढायचे. हे सगळं तिला ठाऊक होतं, पण रागाच्या भरात ती विसरली होती. तिनं पुन्हा जोर केला. वेटोळं पुन्हा हललं.

"हलला! रिअल आहे!" एक पोरगं किंचाळलं, आणि तंबू टाळ्यांनी भरून गेला. सुजाताबाईंनीही बुढ्ढी के बाल काखेत धरून टाळ्या वाजवल्या. मग सगळे बाहेर पडले. शर्वाणी सर्वांत आधी.

गाडीत आत्माराम रस्त्याकडे बघून बोलत होता. "मला काय माहीत त्या असतील म्हणून. चपला चांगल्या दिसल्या."

"बोलू नका."

"पण शो कसला झाला गं! टाळ्या ऐकल्यास? वेदांग म्हणाला, ते थरथरणं रोज ठेवा."

"अहो, मी उठत होते!"

पुढचा सिग्नल हिरवा होऊन मागच्यानं हॉर्न मारेपर्यंत आत्मारामला गिअर टाकायचं सुचलं नाही. "मग हाक मारायचीस ना मला," तो हळूच म्हणाला.

"बाहेर माइकवर कुणाला ऐकू येतंय?"

हॉटेलात ते पोचले तेव्हा मंडळी आत बसलेलीच होती. दारात उभं राहायचं तेही राहिलं. शर्वाणी घाईघाईनं म्हणाली, "ट्रॅफिक असेल ना, बाबा?" आणि आईच्या नजरेला नजर न देता पाण्याचे ग्लास सारखे करू लागली. प्रणवनं उठून वाकून नमस्कार केला. पोरगा चांगला होता, यात काही शंका नव्हती. त्यामुळेच राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

"या, या! केव्हाची वाट बघतोय," सुजाताबाई म्हणाल्या. "आम्ही आधी जत्रेत जाऊन आलो. इतकी मजा! अहो, एक नागकन्या होती, काय बेमालूम…"

"मम्मी, व्हिडिओच दाखवतो ना," प्रणव म्हणाला.

"नंतर दाखव," शर्वाणी म्हणाली. "आई, बस ना. सिट, प्लीज."

वेटरनं खुर्ची मागे ओढली. आत्माराम बसला. कुमुदच्या पोटऱ्यांत अजून मुंग्या चालत होत्या, आणि इरकलीच्या निऱ्या घाईत एका बाजूला कमी पडल्या होत्या. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि टेबलाला वळसा घालून सुजाताबाईंच्या समोर येऊन उभी राहिली. हात जोडले.

"मघाशी तंबूत उठता आलं नाही," ती म्हणाली. "राग मानू नका, विहीणबाई."

आवाज तोच होता. तो लपवायचा प्रयत्न तिनं केला नाही.

सुजाताबाईंचा पापडाकडे गेलेला हात तिथंच राहिला. "आई…" शर्वाणीच्या तोंडून निघालं. आता निघालं. प्रणवनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

सुजाताबाईंनी कुमुदच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली उतरली, पदरावरून निऱ्यांवर, निऱ्यांवरून काठावर, आणि काठाखाली सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आलेल्या दोन पावलांवर येऊन थांबली.

कुमुदनं त्यांना बघू दिलं. वेटर खुर्ची धरून ताटकळत होता, पण ती बसली नाही.